लाईट आली, पण गाणी येईनात : घरच्या म्युझिक सर्व्हरचं नेहमीचं दुखणं

म्युझिक सर्व्हर म्हणजे घरातली सगळी गाणी एका ठिकाणी ठेवून वाय-फायवरून फोनला आणि टीव्हीला देणारा छोटा संगणक. तो बिघडल्याची लक्षणं आधी सांगते. तुमचं यात बसत असेल तरच पुढं वाचत बसा.

– काल रात्रीपर्यंत गाणी चालू होती. मधे लाईट जाऊन आली आणि फोनवरचं ॲप म्हणतंय, ‘सर्व्हर सापडला नाही’.
– ॲप उघडतं, लॉगिन होतं, पण यादी रिकामी. किंवा नावं सगळी दिसतात आणि कुठलंही गाणं दाबलं तर वाजत नाही.
– गाणं लागतं आणि दोन-तीन मिनिटांनी अडखळतं. मागच्या खोलीत जास्त, ओसरीत कमी.
– फोनवर सगळं ठीक, टीव्हीला मात्र सर्व्हर दिसतच नाही.
– गाणी आहेत, पण मराठी नावांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं नाहीतर इंग्रजी अक्षरांचा काला.

मी तीन घरांत असा सर्व्हर बसवला आहे. एक परभणीत आमच्याकडे, दुसरा सेलू तालुक्यातल्या गावी अण्णांकडे म्हणजे वडिलांकडे आणि तिसरा नांदेडला मावशीच्या फ्लॅटमध्ये. तिन्हीकडे सामान जवळपास सारखंच आहे. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढं नुसतं ‘पाय’), त्याला यूएसबीवर जोडलेली २ टीबीची ड्राइव्ह, आणि त्यावर गाणी पुरवणारे दोन प्रोग्राम : फोनसाठी नॅव्हिड्रोम आणि टीव्हीसाठी मिनीडीएलएनए. गाण्यांमध्ये सीडीवरून उतरवलेलं शास्त्रीय गायन आहे, आकाशवाणीवरून टेप केलेलं बरंच काही आहे आणि अण्णांनी गावच्या सप्ताहात स्वतः रेकॉर्ड केलेली कीर्तनं, भारुडं, गोंधळ आहेत. शेवटचं जगात दुसरीकडं कुठंच मिळणार नाही. म्हणून या पोस्टमध्ये मी काही ठिकाणी जरा जास्तच ओरडणार आहे.

बिघाडाचे फोन मला बहुतेक अण्णांचेच येतात. ‘लाईट आली गं, पण गाणं काहून लागंना?’ पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी सगळं नव्यानं इन्स्टॉल करत बसायची. त्याची गरज एकदाही नव्हती, हे नंतर कळलं. बिघाड बहुतेक वेळा सर्व्हरमध्ये नसतोच. लाईट आली की राऊटर, ड्राइव्ह आणि पाय एकदम उठतात, पण ज्या क्रमानं उठायला पाहिजेत त्या क्रमानं उठत नाहीत. खालच्या बऱ्याच तपासण्या या एका गोष्टीभोवती फिरतात. वरून खाली याच क्रमानं करा. वरच्या फुकटच्या आहेत.

चहा ठेवा, काही दाबू नका

लाईट आल्यावर पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. राऊटरला नीट उभं राहायला एक-दोन मिनिटं लागतात, फायबरच्या डब्याला कधी त्याहून जास्त. या वेळात पायची वायर काढून परत लावली, तर मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असतानाच वीज तुटू शकते. म्हणजे किरकोळ बिघाडाचा मोठा बिघाड आपणच करतो. शिवाय लाईट एकदा येऊन लगेच परत जाणं हे आपल्याकडे नवीन नाही. पहिल्यांदा आलेल्या लाईटवर विश्वास ठेवू नये.

फोन घरच्या वाय-फायवर आहे का?

हसू नका. अण्णांच्या निम्म्या तक्रारी इथंच मिटल्या आहेत. होतं असं की घरात लाईट येते, राऊटर चालू होतो, पण बाहेर कुठंतरी इंटरनेटवाल्याच्या डब्याला अजून वीज नसते. फोनला वाय-फाय मिळतं पण त्यात इंटरनेट नसतं. मग फोन स्वतःच शहाणपणा करून मोबाईल डेटावर उडी मारतो. वर वाय-फायची खूण तशीच दिसते, म्हणून आपण फसतो. गाणी तर घरातल्या घरात फिरणार आहेत, त्यांना इंटरनेट लागतच नाही. पण मोबाईल डेटावरून घरातल्या पत्त्यावर जाता येत नाही.

मोबाईल डेटा बंद करा. ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का’ असं फोननं विचारलं तर हो म्हणा. मग ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय चालू असेल तर फोन त्यावर नाही ना, तेही बघा. त्या नेटवर्कवरून घरातली बाकीची उपकरणं मुद्दाम लपवलेली असतात.

पत्ता बदलला का?

राऊटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता वाटतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. तुम्ही ॲपमध्ये हाच पत्ता टाकून ठेवलेला असतो. पण पत्ता भाड्यानं दिलेला असतो, मालकीचा नसतो. सगळं एकदम बंद होऊन चालू झालं की राऊटर काही वेळा जुनी वही विसरतो आणि १० नंबर दुसऱ्याच कुणाला देऊन टाकतो. आमच्याकडे एकदा तो नव्या टीव्हीला मिळाला होता. ॲप बिचारं टीव्हीकडं गाणी मागत होतं.

तपासायला सोपं आहे. राऊटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी बघा आणि त्यात पायचा आत्ताचा पत्ता शोधा. तो पत्ता, पुढं कोलन (:) आणि ४५३३ असं फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. ४५३३ हा नॅव्हिड्रोमचा ठरलेला पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर आहे. त्याऐवजी जेलीफिन हा प्रोग्राम वापरत असाल तर ८०९६. आकडे अर्थातच इंग्रजी टाकायचे. पान उघडलं तर सर्व्हर ठणठणीत आहे, ॲपमधला पत्ता तेवढा शिळा झाला आहे.

कायमचा उपाय राऊटरमध्येच आहे. डीएचसीपीच्या, म्हणजे पत्तेवाटपाच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं, तिथं पायचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि तुम्हाला हवा तो पत्ता यांची जोडी लावून टाका. एक खोच आहे. पायला दोन मॅक ॲड्रेस असतात, केबलचा वेगळा आणि वाय-फायचा वेगळा. मी एकदा वाय-फायचा राखून ठेवला आणि पाय केबलवर होता. दोन आठवडे कळलंच नाही.

फायबरच्या डब्याला आपला दुसरा राऊटर जोडलेला असेल तर आणखी एक भानगड. दोघंही पत्ते वाटत असतात. फोनचा पत्ता १९२.१६८.०.काहीतरी आणि सर्व्हरचा १९२.१६८.१.काहीतरी असेल, तर दोघं दोन वेगळ्या वाड्यांत राहतात असं समजा. मावशीकडे हेच होतं. दुसऱ्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकाकडेच राहिलं, आणि विषय संपला.

यादी रिकामी : इथं घाई करणारा मरतो

लॉगिन होतंय, पण गाणी नाहीत. पहिली प्रतिक्रिया असते ‘परत स्कॅन’ दाबायची. दाबू नका.

पाय पटकन उठतो. यूएसबीची ड्राइव्ह फिरायला लागून वेग घेईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि वीज कमजोर असेल तर ती पहिल्या झटक्यात उठतही नाही. तेवढ्यात म्युझिक सर्व्हर चालू होतो, गाण्यांच्या फोल्डरमध्ये डोकावतो आणि त्याला तिथं रिकामी खोली दिसते. त्याला काय माहीत की ड्राइव्ह अजून जोडली गेलेली नाही? काही प्रोग्राम मग इमानदारीनं सगळी यादीच पुसून टाकतात. नॅव्हिड्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या बऱ्या आहेत, त्या गाणी ‘हरवली’ म्हणून नोंदवून ठेवतात आणि ड्राइव्ह परत आली की जुळवून घेतात. पण मधेच तुम्ही हरवलेल्या फायलींची नोंद काढून टाकली, तर मेहनतीनं केलेल्या प्लेलिस्टी आणि आवडीच्या खुणाही गेल्या. गाण्याच्या फायली मात्र ड्राइव्हवर सुखरूप असतात, तेवढं लक्षात ठेवा.

तर आधी ड्राइव्ह जोडली गेली आहे का ते बघा. टर्मिनलमध्ये, म्हणजे पायला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, ‘डीएफ’ (df) ही कमांड दिली की कुठली ड्राइव्ह कुठं जोडलेली आहे आणि किती भरली आहे ते दिसतं. यादीत तुमची २ टीबी नसेल तर चोर सापडला. पाय नीट शटडाउन करा, यूएसबीची वायर काढून दुसऱ्या निळ्या पोर्टमध्ये लावा, चालू करा.

परत होऊ नये म्हणून तीन गोष्टी कराव्या लागतात. तिन्ही एकदाच करायच्या आहेत. कुठली ड्राइव्ह कुठं जोडायची ते एफएसटॅब (fstab) या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. तिथं ड्राइव्हचा उल्लेख ‘एसडीए१’ अशा नावानं करू नका, यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकानं करा. एसडीए, एसडीबी ही नावं कोण आधी उठलं यावर ठरतात. दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असेल तर अदलाबदल होते. यूयूआयडी मात्र परत फॉर्मॅट करेपर्यंत ड्राइव्हच्या त्या विभागाला चिकटलेला असतो. त्याच ओळीत ‘नोफेल’ (nofail) हा पर्याय घाला, नाहीतर ड्राइव्ह सापडली नाही म्हणून पाय दीड मिनिट वाट बघतो आणि मग पूर्ण चालूच होत नाही, आपत्कालीन मोडमध्ये अडकून बसतो. गावी स्क्रीन आणि कीबोर्ड नसताना हे निस्तरायला मला परभणीहून जावं लागलं होतं. तिसरी गोष्ट म्हणजे म्युझिक सर्व्हरच्या सर्व्हिस फाईलमध्ये, म्हणजे तो कसा चालू व्हायचा ते लिहिलेल्या फाईलमध्ये, ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ (RequiresMountsFor) ही ओळ टाकून गाण्यांच्या फोल्डरचा पत्ता द्या. याचा अर्थ एवढाच की ड्राइव्ह आल्याशिवाय तू उठायचं नाहीस. माझ्या मते या सगळ्या पोस्टमधली सर्वात कामाची ओळ हीच आहे.

ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉर्मॅट केलेली असेल, म्हणजे विंडोजवर वापरलेली असेल, तर अचानक लाईट गेल्यावर तिच्यावर ‘नीट बंद झाली नाही’ असा शिक्का बसतो. मग लिनक्स, म्हणजे पायवर चालणारी प्रणाली, तिला जोडायला नकार देतं किंवा फक्त वाचण्यापुरती जोडतं. अशा वेळी ती विंडोजच्या लॅपटॉपला लावून एरर चेकिंग चालवा आणि ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. शक्य झालं तर दुसरीकडे पूर्ण कॉपी घेऊन ड्राइव्ह ईएक्सटी४ या लिनक्सच्या प्रकारात फॉर्मॅट करून टाका. आधी कॉपी, मग फॉर्मॅट. उलटं करणारे लोक मी पाहिलेत.

पायाला बळ कमी पडतंय

अण्णा याला ‘पाय गळाला’ म्हणतात, आणि नेमकं तसंच आहे. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा ॲडॅप्टर लागतो. घरात पडलेला फोनचा चार्जर लावला तर पाय चालू होतो, दिवाही लागतो, आणि ड्राइव्ह फिरायला लागली की वीज खाली बसते. चारही यूएसबी पोर्ट मिळून पाय १.२ अँपिअरच देऊ शकतो, आणि २.५ इंची ड्राइव्ह सुरू होतानाच त्यातला बराच वाटा खेचून घेते.

पायला विचारलं तर तो खरं सांगतो. टर्मिनलमध्ये ‘गेट थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) या कमांडचं उत्तर शून्य-एक्स-शून्य (0x0) आलं तर वीज ठीक आहे. शेवटी ५०००५ आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे, ५०००० आलं तर चालू झाल्यापासून मधे कधीतरी कमी झालं होतं. स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात विजेची खूण चमकते. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ही सूचना येते.

आधी वायर बदला. पातळ, लांब वायरीत व्होल्टेज गळतं आणि ॲडॅप्टरला उगाच शिव्या बसतात. मग ॲडॅप्टर. तरीही नाही झालं तर स्वतःची वीज असलेला यूएसबी हब घ्या, म्हणजे ड्राइव्हचा भार पायवर पडत नाही. अण्णांकडे शेवटी हब लावल्यावरच शांतता झाली.

इन्व्हर्टर असेल तर राऊटर, पाय आणि हब तिघंही त्याच्याच बोर्डावर घ्या. बऱ्याच इन्व्हर्टरना मागं यूपीएस मोडचा खटका असतो. तो साध्या मोडवर असेल तर लाईट जाताना जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात पाय रिस्टार्ट होतो. पंख्याला तो खंड कळतही नाही.

माळवदाच्या भिंती

गाणं अडखळत असेल तर लोक म्हणतात, नेट स्लो आहे. नेटचा संबंध नाही हे वर झालंच. वेगाचा हिशेबही करून बघा. सीडीचा कच्चा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता दाबलेल्या फायलीत, तो त्याहून कमी होतो, आणि चांगलं एमपी३ तर फक्त ३२०. कुठलंही साधं वाय-फाय हे झोपेत वाहून नेईल. म्हणजे अडखळणं वेगाचं नसतं, सिग्नल मधे मधे तुटण्याचं असतं.

आमचं गावचं घर माळवदाचं. भिंती दोन फुटी, पांढऱ्या मातीच्या. राऊटर ढाळजेतल्या (दारालगतच्या ओसरीतल्या) देवळीत, कारण फायबरची वायर तिथूनच आत येते. देवळीत म्हणजे तीन बाजूंनी माती. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की मागच्या खोलीत सिग्नल आणखी मरतो, कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं. राऊटर दोन पट्ट्यांवर वाय-फाय देतो, त्यातला ५ गिगाहर्ट्झचा अशा भिंतीत टिकतच नाही, २.४ वरच राहा आणि चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो ठरवून टाका. फ्लॅटमध्ये उलटं आहे. तिथं शेजाऱ्यांच्या २.४ ची गर्दी असते, म्हणून मावशीकडे ५ चालतं.

खात्री करायची असेल तर एक फुकटची चाचणी आहे. फोन घेऊन राऊटरशेजारी बसा आणि तेच गाणं लावा. तिथं सलग वाजलं तर दोष भिंतीचा. राऊटर देवळीतून काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवा. आणि सर्व्हर वाय-फायवर कधीच ठेवू नका, त्याला राऊटरपाशी केबलनं जोडा. निम्मा प्रवास तरी पक्का होतो. घरात केबल ओढणार असाल तर कॅट-५ई १०० मीटरपर्यंत चालते.

पण दोन घरांमध्ये, शेतातल्या आखाड्यापर्यंत किंवा गच्चीवरून उघडी तांब्याची केबल ओढू नका. मृगाच्या आधी आपल्याकडे विजा कशा पडतात ते सांगायला नको. जवळपास पडलेली वीजही त्या केबलवरून दोन्ही टोकांची उपकरणं जाळते. तिथं फायबर टाकायचं, आणि ते काम करणाऱ्यालाच बोलवायचं.

टीव्ही आंधळा झाला

टीव्ही सर्व्हरला पत्त्यानं शोधत नाही, हाक मारून शोधतो. २३९.२५५.२५५.२५० या सामाईक पत्त्यावर ‘कुणी आहे का’ असं विचारतो. राऊटरमधलं ‘एपी आयसोलेशन’, म्हणजे वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून लपवणारी सोय, चालू असेल तर ती हाक पोचत नाही. ते बंद करा. नसेल तर मिनीडीएलएनए रिस्टार्ट करा. तो नेटवर्कच्या आधी उठला असेल तर बहिराच राहतो. परत तेच, क्रमाचं. सर्व्हर दिसतो पण ठरावीक गाणीच वाजत नाहीत, असं असेल तर तो प्रकार टीव्हीला चालत नाही. सगळे टीव्ही फ्लॅक वाजवत नाहीत.

नावांचा काला झाला असेल तर त्यात सर्व्हरचा दोष नाही. जुन्या एमपी३ सीड्यांवर नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाकलेली असत. तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. टॅग एडिटरमध्ये बसून हातानं दुरुस्त करणं हाच उपाय. मी दर रविवारी एक फोल्डर करते.

उन्हाळ्यात दुपारी रखडून रात्री आपोआप ठीक होत असेल तर गरमी. पाय ८० अंशांना वेग कमी करतो. पत्र्याखालच्या माळ्यावरून त्याला खाली आणा.

मेमरी कार्ड

वरचं सगळं करून पाय चालूच होत नसेल तर कार्ड गेलं असणार. वारंवार लाईट गेल्यानं ते बिघडतं. चालू स्थितीतल्या कार्डाची प्रत आधीच एका जादाच्या कार्डावर काढून ठेवलेली असेल तर बदलायचं, झालं. नसेल तर एक रविवार गेला. गाणी ड्राइव्हवर आहेत, कार्डावर नाहीत, म्हणून घाबरू नका.

इथं थांबा

घरातला एक दिवा भगभग करतो आणि दुसरा मंदावतो, असं दिसलं तर सर्व्हर विसरा. न्यूट्रलची वायर सुटलेली असू शकते आणि तेव्हा पॉइंटवर २३० च्या जागी बरंच जास्त किंवा कमी व्होल्टेज येऊ शकतं. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. मीटरपेटी स्वतः उघडू नका. अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या, तेही वायरमनकडूनच.

आणि ड्राइव्ह टिक-टिक, टिक-टिक वाजत असेल तर वीज काढा. लगेच. परत लावून बघू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, गल्लीतल्या दुकानात उघडायला देऊ नका. आतलं डोकं तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक ‘एकदाच बघू’ मागं थोडा थोडा आवाज कायमचा पुसला जातो. डेटा रिकव्हरीचं काम धूळमुक्त खोलीत करणारे लोक असतात, त्यांच्याकडेच ती द्यायची. आधी खर्च विचारून घ्या, तो ड्राइव्हच्या किमतीपेक्षा बराच जास्त असतो.

मागच्या वर्षी अण्णांची ड्राइव्ह अशी वाजली तेव्हा मी तीनदा लावून बघितली होती. पुण्याहून बहुतेक सगळं परत आलं, सप्ताहाची दोन फोल्डरं आली नाहीत. मूळ कॅसेटी माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. अकरा झाल्यात, सात राहिल्यात, आणि या वेळी दोन ड्राइव्हवर उतरवते आहे. दुसरी मावशीकडे नांदेडला असते.